मवाळ कोण, हे ठरवणार कोण? ब्लूमबर्ग यांचा सुपर पॅक आणि त्याचे उमेदवार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी एपिसोडचा मजकूर इथे टाकतोय. बोललोय तेच आहे, मधले 'अं' आणि 'काय म्हणतात ते' तेवढे काढलेत.

आज अमेरिकेत जायचंय. एक अब्जाधीश आहे. त्याला दोन्ही टोकांच्या भांडणाचा कंटाळा आलाय. तो म्हणतो, मी मधल्या लोकांना निवडून आणतो, माझे पैसे लावून. ऐकायला किती छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं. माणूस म्हणजे मायकल ब्लूमबर्ग. २००२ ते २०१३ अशी बारा वर्षं न्यूयॉर्कचे महापौर. शेअर बाजारवाल्यांच्या टेबलावर जो काळा ब्लूमबर्ग टर्मिनल असतो, तो यांच्याच कंपनीचा. शिक्षण इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग, म्हणजे आपल्यातलेच. पक्ष मात्र विचारू नका. आधी डेमोक्रॅट, २००१ मध्ये महापौर व्हायला रिपब्लिकन, २००७ मध्ये अपक्ष, २०१८ मध्ये परत डेमोक्रॅट.

ऑक्टोबर २०१२ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, त्यांनी स्वतःचा सुपर पॅक काढला. नाव इंडिपेन्डन्स यूएसए. या नावावरून तुम्हाला काय कळलं? काहीच नाही. सुपर पॅकची नावं अशीच असतात. तांदळाच्या पोत्यावर छापावीत तशी.

आता सुपर पॅक म्हणजे काय ते पटकन सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अमेरिकेत एखाद्या उमेदवाराला थेट पैसे द्यायचे तर मर्यादा आहे. २०१२ मध्ये ती एका निवडणुकीला माणशी २,५०० डॉलर होती. मग अब्जाधीशाने काय करायचं? २०१० मध्ये दोन निकाल आले. जानेवारीत सुप्रीम कोर्टाचा 'सिटिझन्स युनायटेड', पाच विरुद्ध चार. मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाचा 'स्पीचनाऊ'. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ असा: उमेदवाराच्या हातात पैसे न देता, त्याच्याशी न ठरवता, तुम्ही बाहेरून त्याचा प्रचार करत असाल तर कितीही खर्च करा. आणि अशा खर्चासाठी गट काढून कितीही वर्गणी घ्या. हाच सुपर पॅक.

'न ठरवता' या शब्दांचं पुढे काय झालं ते गमतीशीर आहे. २०१४ मध्ये सिनेटर मिच मॅकॉनेल यांच्या टीमने यूट्यूबवर दोन-अडीच मिनिटांचा व्हिडिओ टाकला. त्यात ते नुसते हसतायत, लोकांशी हात मिळवतायत, टेबलाशी बसलेत. एक शब्द नाही. कशासाठी? बाहेरच्या गटांना जाहिरातीत वापरायला फुटेज हवं म्हणून. आम्ही काही ठरवलं नाही हां, व्हिडिओ पब्लिक होता! आपल्याकडे कॉपी पुरवायला खिडकीतून चिठ्ठी टाकतात, त्यातला प्रकार.

तर, ब्लूमबर्ग. पॅक काढताना त्यांनी निकष सांगितले होते: बंदुकांवर कडक कायदे, समलिंगी विवाहाला मान्यता, शाळांच्या व्यवस्थेत सुधारणा. पक्ष कुठलाही चालेल. दोन्हीकडचे मध्यममार्गी लोक टिकावेत म्हणून हे सगळं.

पहिला मोठा घाव पडला कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, काँग्रेसच्या ३५व्या मतदारसंघात. तिथे जो बाका नावाचे डेमोक्रॅट खासदार होते, १९९९ पासून काँग्रेसमध्ये. समोर ग्लोरिया नेग्रेटे मॅक्लाऊड, राज्याच्या सिनेटर, त्याही डेमोक्रॅटच. कॅलिफोर्नियात पहिल्या फेरीत जे दोघं वरती येतात तेच शेवटच्या फेरीत जातात, पक्ष एक असला तरी. म्हणजे जागा डेमोक्रॅट्सकडेच राहणार हे नक्की, माणूस कोणता एवढाच प्रश्न. देशाचं लक्ष ओबामा आणि रॉम्नींकडे. या लढतीकडे कोण बघतंय? आणि शेवटच्या काही दिवसांत न्यूयॉर्कहून साधारण ३३ लाख डॉलर या एका मतदारसंघात येऊन पडले. बाकांना बंदूकवाल्यांच्या संघटनेकडून, एनआरएकडून, चांगली ग्रेड होती, हे ब्लूमबर्ग यांचं दुखणं. बाका पडले. जवळपास ५६ विरुद्ध ४४.

आणि या गोष्टीचा उत्तरार्ध कोणी सांगत नाही. नेग्रेटे मॅक्लाऊड बाई एकाच टर्मनंतर काँग्रेस सोडून निघाल्या. २०१४ मध्ये त्या सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या बोर्डाची निवडणूक लढल्या आणि हरल्या. म्हणजे ३३ लाख डॉलर खर्चून दोन वर्षांची खासदारकी. बाका मात्र काँग्रेसमधून गेले ते गेलेच.

पुढचं वर्ष. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गेली. अमेरिका हादरली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये शिकागो आणि त्याच्या दक्षिणेकडच्या भागात एक पोटनिवडणूक होती, जेसी जॅक्सन ज्युनियर यांनी राजीनामा दिलेली जागा. खरी लढत डेमोक्रॅट पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारच निवडतात त्या फेरीत. पोटनिवडणूक, त्यातही प्रायमरी, त्यातही फेब्रुवारीची थंडी. मतदान किती होणार? तिथे ब्लूमबर्ग यांच्या पॅकने वीस लाख डॉलरच्या वर ओतले, डेबी हॅल्वर्सन यांच्या विरोधात आणि रॉबिन केली यांच्या बाजूने. केली जिंकल्या.

इथे मी पहिल्यांदा अडखळलो. कारण या दोघींमध्ये मवाळ म्हणायचं झालं तर ते हॅल्वर्सन यांना म्हणावं लागेल. त्यांच्या एकूण राजकारणात दोन्ही बाजूंना जोडणारा सूर होता. पण बंदुकांच्या बाबतीत एनआरएची ग्रेड चांगली होती, विषय संपला. मवाळांना आधार द्यायला निघालेल्या गटाने दोघींतल्या जास्त मवाळ बाईंना पाडलं.

आणि आता उलटं उदाहरण. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर पॅट टूमी, रिपब्लिकन. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी डेमोक्रॅट जो मँचिन यांच्याबरोबर एक प्रस्ताव आणला: बंदूक विकण्याआधी खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासायची, ऑनलाइन विक्रीत आणि गन शोमध्येसुद्धा. ५४ मतं पडली, हवी होती ६०. प्रस्ताव पडला. पण स्वतःच्या पक्षाच्या विरोधात जाऊन टूमींनी ते केलं होतं, आणि ब्लूमबर्ग यांनी ते लक्षात ठेवलं. २०१६ मध्ये टूमी अडचणीत असताना पॅकने त्यांच्यासाठी लाखो डॉलरच्या जाहिराती केल्या. समोरच्या केटी मॅकगिन्टी याही कडक कायद्यांच्या बाजूच्याच, तरीही. टूमी जेमतेम दीड टक्क्याच्या आसपास फरकाने जिंकले.

आता हे टूमी कोण होते? २००५ ते २००९ मध्ये ते 'क्लब फॉर ग्रोथ' या संघटनेचे अध्यक्ष होते. हिचं कामच मुळी पुरेसे कडवे नसलेल्या रिपब्लिकनांच्या विरोधात त्यांच्याच पक्षातून माणूस उभा करणं. २००४ मध्ये खुद्द टूमी, आर्लेन स्पेक्टर या त्यांच्या पक्षातल्या खऱ्याखुऱ्या मवाळ सिनेटरच्या विरोधात उभे राहिले होते आणि थोडक्यात हरले होते. म्हणजे मवाळांना संपवण्याच्या संघटनेचा माजी अध्यक्ष, मवाळांसाठी काढलेल्या पॅकचा लाडका! निवडून आल्यावर २०१७ मध्ये त्यांनी ओबामांची आरोग्य योजना रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं, आणि श्रीमंतांना, कंपन्यांना फायदा देणारा करकपातीचा कायदा घडवण्यात ते पुढे होते. न्याय म्हणून हेही सांगतो, २०२१ मध्ये ट्रम्प यांना महाभियोगात दोषी ठरवणाऱ्या सात रिपब्लिकन सिनेटरांपैकी ते एक होते.

शाळेत आपण जहाल आणि मवाळ शिकलो. टिळक जहाल, गोखले मवाळ. पेपरात फरक लिहा, पाच गुण. तिथे मवाळ म्हणजे एक सगळी विचारपद्धत होती: अर्ज करा, सनदशीर मार्गाने जा, संस्था उभ्या करा. माणूस एकूण कसा आहे यावरून त्याला मवाळ म्हणत. ब्लूमबर्ग यांच्या पॅकमध्ये बाका, हॅल्वर्सन, टूमी ही तीन नावं शेजारी ठेवली तर दिसतं की मवाळपणाची कसोटी प्रत्यक्षात एकच होती, बंदूक. आणि ती ज्याचे पैसे त्याने ठरवलेली होती. करकपात, आरोग्य योजना, कामगारांचं वेतन या गोष्टींवर माणूस कुठे आहे हे त्या चाळणीत येतच नव्हतं.

यात मला अवघड जातं ते हे की बंदुकांच्या मुद्द्यावर मला ब्लूमबर्ग शंभर टक्के पटतात. समोर एनआरए आहे, तीही वर्षानुवर्षं पैसा ओतते. मग एका माणसाने दुसऱ्या बाजूला वजन टाकलं तर बिघडलं कुठे? माझ्या ओळखीचे बरेच जण असंच म्हणतील, आणि त्यांचा मुद्दा हलका नाही. पण बाकांच्या मतदारसंघातला एखादा गोदामातला कामगार डोळ्यासमोर आणा. त्याला एका आठवड्यात टीव्हीवर पन्नास वेळा एक चेहरा दिसतो, आणि शेवटी बारीक अक्षरात 'इंडिपेन्डन्स यूएसए'. त्याला बंदुकांवर मत द्यायचं होतं की नोकऱ्यांवर, हे न्यूयॉर्कमध्ये ठरलेलं असतं. मला ते पटत नाही. माझ्या बाजूचा पैसा असला तरी.

२०१८ ला काम मोठं झालं. जूनमध्ये ब्लूमबर्ग यांनी आठ कोटी डॉलर जाहीर केले, आणि शेवटी सगळं मिळून आकडा दहा कोटींच्या वर गेला. ट्रम्प सत्तेत असल्यामुळे आता बहुतेक पैसा डेमोक्रॅट्सकडे. पॅकने हाऊसच्या २४ जागा निवडल्या, त्यातल्या २१ जिंकल्या. २४ पैकी २१! असा सक्सेस रेट आमच्या प्रॉडक्शन डिप्लॉयमेंटचा पण नसतो.

यातली मला सगळ्यात आवडलेली, म्हणजे अभ्यासाला आवडलेली, लढत ओक्लाहोमा सिटीची. त्या मतदारसंघात २०१६ मध्ये ट्रम्प तेरा टक्क्यांनी पुढे होते. तिथे डेमोक्रॅट्सच्या केंड्रा हॉर्न, मवाळ, उभ्या होत्या आणि त्या जिंकतील असं फार कोणी धरलं नव्हतं. शेवटच्या काही दिवसांत ब्लूमबर्ग यांच्या पॅकने चार लाख डॉलरच्या वर जाहिराती घेतल्या. समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरला नाही. हॉर्न ३,३३८ मतांनी जिंकल्या. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या मानाने ओक्लाहोमात टीव्हीची वेळ स्वस्त, कोणाचं लक्ष नाही, वेळ शेवटची. ऑप्टिमायझेशनचा प्रश्न म्हणून बघितलं तर उत्तर सुंदर आहे. दोन वर्षांनी, आता सगळ्यांचं लक्ष असताना, हॉर्न साधारण चार टक्क्यांनी हरल्या.

मग २०२० मध्ये ब्लूमबर्ग स्वतःच राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरले. फेब्रुवारीत चार्ल्स्टनच्या डिबेटमध्ये ते २०१८ च्या विजयाबद्दल बोलत होते. नॅन्सी पेलोसींना सत्तेत बसवणारे ते सगळे नवे डेमोक्रॅट, आणि मग तोंडातून 'आय बॉट' असं काहीतरी निघालं, म्हणजे 'मी विकत घेतले', आणि लगेच सावरून 'मी ते मिळवले'. क्लिप यूट्यूबवर आहे, बघा. त्या खासदारांचा विचार करा. त्यांच्यापैकी किती जणांनी दारोदार फिरून बूट झिजवले असतील, आणि देशासमोर एक माणूस जवळपास असं म्हणतो.

तेव्हाच्या प्रचारात त्यांनी स्वतःचे एक अब्ज डॉलरच्या वर खर्च केले. साधारण शंभर दिवसांत. जिंकलं काय? अमेरिकन सामोआ. पॅसिफिक महासागरातली बेटं, मतदान करायला आलेले लोक साडेतीनशेच्या आसपास. ४ मार्चला माघार. त्याच वर्षी शरद ऋतूत बायडेन यांच्यासाठी त्यांनी फ्लोरिडात दहा कोटी डॉलर लावायचं जाहीर केलं, आणि फ्लोरिडा ट्रम्प यांनी तीनेक टक्क्यांनी जिंकलं.

हे आकडे शेजारी ठेवून बघा. एक अब्ज डॉलर, सगळा देश बघतोय, हाती आली बेटं. चार लाख डॉलर, कोणी बघत नाही, खासदार. पैशाची किंमत लक्षाच्या उलट्या प्रमाणात आहे. जिथे मतदाराला उमेदवाराबद्दल आधीच खूप माहिती आहे तिथे जाहिरात त्याच्यावरून घसरून जाते. जिथे माहितीच नाही तिथे पहिली जाहिरात हीच माहिती होते. त्यामुळे 'पैशाने निवडणूक जिंकता येत नाही, ब्लूमबर्गच बघा' असं जे म्हणतात ते फक्त मोठी निवडणूक बघतात.

आता मराठी माणूस. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी 'ही श्रीची इच्छा' हे पुस्तक असेल. त्याचे लेखक श्री ठाणेदार, बेळगावचे, आज मिशिगनमधून अमेरिकन काँग्रेसमध्ये आहेत. २०१८ मध्ये ते राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते, स्वतःचे एक कोटी डॉलरच्या वर घातले, आणि प्रायमरीत तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या जागेसाठी परत स्वतःचे लाखो डॉलर. आपल्या स्वतःच्या प्रचारावर कितीही खर्च करा, तिथे मर्यादा नाही. पण यावेळी समोर ॲडम हॉलियर होते, आणि त्यांच्यामागे एक सुपर पॅक, इस्रायलसमर्थक एपॅकचा 'युनायटेड डेमोक्रसी प्रोजेक्ट'. त्याने हॉलियर यांच्यासाठी चाळीस लाख डॉलरच्या वर लावले. नऊ उमेदवार, मतं फुटली, आणि ठाणेदार २८ टक्क्यांवर जिंकले. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये 'मराठी झेंडा अमेरिकेत' एवढंच आलं. डेट्रॉइटमध्ये चर्चा वेगळी होती. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या त्या शहराला जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. एका बाजूला स्वतःचा पैसा, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेला पैसा, आणि बाकीचे सात जण मध्ये. मला ठाणेदारांच्या बेळगाव ते वॉशिंग्टन प्रवासाचं कौतुक आहे. पण त्या सातांपैकी एखाद्या शिक्षिकेने किंवा समाजकार्यकर्त्याने कशाच्या जोरावर लढायचं, हा प्रश्न कौतुकाने सुटत नाही.

माझ्या बॅचचा एक मित्र न्यू जर्सीला असतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर तो मला म्हणाला, "अरे, मला मत देता येत नाही, पण उमेदवाराला पैसे देता येतात!" मला वाटलं फेकतोय. खरं निघालं. एच-वन-बी वर असताना दहा डॉलर देणंही बेकायदा, आणि ग्रीन कार्ड आलं की सुपर पॅकलासुद्धा हवे तेवढे द्या. मताचा हक्क मात्र नागरिक झाल्यावर. त्याला मी विचारलं, मग देणार का? म्हणाला, "आधी घराचे हप्ते."

आपल्याकडचा नियम कागदावर याच्या बरोबर उलटा आहे. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १७६, दंड दहा हजार रुपयांपर्यंत. म्हणजे ब्लूमबर्ग पुण्यात असते तर त्यांचा पॅक पहिल्याच दिवशी बेकायदा. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख. फक्त पक्षाने स्वतः केलेल्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादा नाही, त्यामुळे पैसा तिकडून येतो. आणि कोणाचा ते कळायला इलेक्टोरल बाँडच्या बाबतीत आपल्याला फेब्रुवारी २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत थांबावं लागलं. ब्लूमबर्ग यांच्या बाबतीत एक मान्य करायला हवं, हे सगळं मी तुम्हाला सांगू शकलो कारण त्यांचा पैसा त्यांच्या नावाने नोंदलेला आहे.

तो कुठे बघायचा? अमेरिकेच्या निवडणूक आयोगाची, एफईसीची वेबसाइट. मोबाइलवरही नीट चालते. 'इंडिपेन्डन्ट एक्स्पेंडिचर्स' मध्ये जा, गटाचं नाव टाका. कोड लिहिणाऱ्यांसाठी एपीआय पण आहे, की फुकट मिळते. प्रत्येक जाहिरातीची ओळ दिसते: तारीख, रक्कम, कोणाला दिले, कुठल्या उमेदवारासाठी. एका कॉलममध्ये एकच अक्षर असतं, बाजूने असेल तर एस, विरोधात असेल तर ओ. तारखेप्रमाणे लावा आणि मतदानाच्या आधीचे दहा दिवस बघा. कुठला मतदारसंघ सापडला ते कमेंटमध्ये टाका, पुढच्या एपिसोडमध्ये त्यातला एक घेऊ.